तारेवर खोचलेली चिठ्ठी

आमच्याकडे एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही. फोटो म्हणतात. "भाऊ, छातीना फोटू काढना शे," असं म्हणत माणूस आत येतो आणि यंत्रासमोर उभं राहण्याआधी निम्मे लोक खरोखरच केसांवरून हात फिरवतात. एक आजोबा टोपी काढायला तयार नव्हते. फोटो गुडघ्याचा होता, म्हणून मी वाद घातला नाही.

शहाद्यात एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर एका खाजगी केंद्रात मी सव्वीस वर्षं हे फोटो काढतो आहे. या अंकाच्या संपादकांनी एक्स-रे खोलीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या होत्या. गमती आहेत, सांगतो. पण त्यांच्या आडून एक गोष्ट कित्येक वर्षं घशाशी येऊन थांबते आहे, ती यंदा सांगून टाकणार आहे. मी बोलका माणूस नाही. बायको म्हणते, तुमचाच फोटो काढायला पाहिजे, आत काय आहे ते तरी कळेल. आता लिहायला बसलोय तर हात थांबत नाही, तेव्हा अक्षर आणि क्रम दोन्ही सांभाळून घ्या.

आधी धंदा समजून घ्या. एक्स-रे म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण. ते मांसातून आरपार जातात, हाडाशी अडतात आणि पलीकडच्या फिल्मवर त्या अडण्याची सावली उमटते. पूर्वी ती फिल्म आम्ही अंधाऱ्या खोलीत रसायनात बुडवून धुवायचो, आता चित्र संगणकावर येतं. किरण किती सोडायचे आणि किती क्षण सोडायचे हे ठरवणं माझं काम. त्या क्षणी समोरच्यानं हलायचं नाही, हे त्याचं काम, आणि तेच जास्त अवघड. छातीच्या फोटोला तर श्वासही धरावा लागतो. मोलगीकडून डोंगरातली माणसं जीपनं येतात. त्यांना माझी मराठी कळत नाही, मला त्यांची बोली येत नाही, म्हणून मी स्वतःचे गाल फुगवून दाखवतो. एकदा एका बाबांनी तसेच गाल फुगवले, फोटो फर्स्टक्लास आला, मी "झालं" म्हणून पुढच्याला हाक मारली. जरा वेळानं बाहेरून कासूबाईंचा आवाज. कासूबाई म्हणजे आमच्या केंद्रातल्या आया, स्वतः मोलगीच्याच बाजूच्या. जाऊन बघतो तर बाबा बाकावर बसलेले, डोळे बाहेर आलेले, गाल अजून फुगलेले. कासूबाईंनी त्यांच्या बोलीत दोन शब्द सुनावले तेव्हा कुठे बाबांनी श्वास सोडला. मग माझ्याकडे वळून त्या मराठीत म्हणाल्या, "धरायला शिकवता, सोडायला कोण शिकवणार?"

असो. माझं नाव होतं या भागात. हलणाऱ्या म्हाताऱ्याचा, रडणाऱ्या पोराचा, कुणाचाही फोटो वसंतभाऊ स्वच्छ काढतो, अशी ख्याती. डॉक्टर लोक मुद्दाम माझ्याकडे पाठवायचे. त्या स्वच्छ फोटोमागचं गुपित आता सांगतो, कारण ते कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नसतं. फोटो बिघडला की आम्ही परत काढतो. पुन्हा बिघडला की पुन्हा. बिघडलेली फिल्म टोपलीत जाते, चांगली तेवढी पाकिटात. पेशंटच्या पिशवीत दिसतो एक फोटो, अंगातून किरण गेलेले असतात तीनदा. मी तर फोटो बरा आला तरी "एक जादा असू द्या" म्हणून आणखी एक काढायचो. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं परत पाठवलं तर माझा कमीपणा नको.

दुसरी पद्धत चिठ्ठीची. कशाचा फोटो हवा ते डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात. काम झालं की ती चिठ्ठी पेशंटला परत द्यायची नाही. माझ्या टेबलावर लाकडी ठोकळ्यात एक उभी तार ठोकलेली होती, तिच्यावर ती खोचायची. महिना भरला की गठ्ठा सुतळीनं बांधून माळ्यावर. ही आमच्या केंद्राची शिस्त, आणि ती पाळण्यात माझा हात कोणी धरला नसता.

आता हितेश. त्याला सगळे हितू म्हणायचे. तापीकाठच्या एका गावातल्या जगन पाटलांचा मोठा मुलगा. घरची केळी, घर भरलेलं, कशाला कमी नाही. हितू पहिल्यांदा आला तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल. जीपच्या टपावर बसून घाट उतरलेला माणूस जमिनीवर पाय टेकल्यावर जसा चालतो, तसा तो चालायचा. पाय एकीकडे, अंग दुसरीकडे. लहानपणी चांगला चालायला लागला होता, मग हळूहळू तोल जायला लागला. त्याच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल धागे पसरलेले असायचे. डोळे आलेत म्हणून वर्षभर थेंब घातले, धागे जागचे हलले नाहीत. आणि छाती सारखी भरायची. खोकला, ताप, न्यूमोनिया, दोन महिने झाले की परत. दर वेळी फोटो.

झोकांड्या आणि लाल डोळे, म्हटल्यावर शाळेतली पोरं काय म्हणणार? दारुड्या म्हणायची. हितूनं ते इतकं अंगावर घेतलं की स्वतःच आधी बोलून टाकायचा. यंत्रासमोर उभा राहून अडखळत, ओढत म्हणायचा, "मामा, आज कमी लिन्ही शे. हालसू नही." मी हसायचो. खरंच हसायचो. मग तो हलायचाच, आणि मी परत काढायचो.

एका दुपारी तो एक वेगळी चिठ्ठी घेऊन आला. गावाजवळच्या दवाखान्यात थोड्या महिन्यांसाठी एक तरुण डॉक्टर बाई आल्या होत्या, त्यांची. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या इंग्रजीत असतात. या बाईंनी खाली मुद्दाम मराठीत लिहिलं होतं, मला नीट कळावं म्हणून: "एकच फोटो. बिघडला तरी परत काढू नये. ए-टी? कृपया माझ्याशी बोला." शेवटच्या ओळीखाली रेघ.

मी काय केलं सांगू? मला राग आला. काल आलेली पोरगी मला किती फोटो काढायचे ते शिकवते. ए-टी म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मी त्यांच्याशी बोललो नाही. चार फोटो काढले. पहिला हलला, दुसरा हलला, तिसऱ्यात मान वाकडी आली, चौथा सुंदर आला. चौथा पाकिटात घातला, चिठ्ठी तारेवर खोचली आणि पुढच्याला हाक मारली. छातीत न्यूमोनिया निघाला, हितूला दुसरीकडे भरती केलं. तो बरा होऊन घरी येईपर्यंत बाईंची मुदत संपून त्या निघून गेल्या होत्या. नुसता संशय, म्हणून घरच्यांना त्यांनी काही सांगितलं नसावं. रोगाचं नाव तालुक्यात एका माणसाला सुचलं होतं, आणि ते माझ्या तारेवर अडकून राहिलं.

अकराव्या वर्षी हितूच्या मानेत गाठ आली. गाठींचा कर्करोग. त्याला लांबच्या मोठ्या शहरात नेलं. तिथे औषधं दिली, शेक दिला. शेक म्हणजे हेच किरण, पण कितीतरी जोरात, गाठ जाळायला. त्यानंतर जगनभाऊ एकदा स्टँडवर भेटले. त्यांच्या अंगावर नुसते कपडे दिसत होते, माणूस आत उरला नव्हता. म्हणाले, "मान भाजी गई, भाऊ. तोंड भाजी गयं. पानीबी उतरत नही. डॉक्टरबी घाबरी गयात. म्हनतस, इतला शेकमा असं कोनलेच व्हत नही."

महिन्याभरात हितू गेला.

त्या आठवड्यात मी माळ्यावर चढलो. गठ्ठे सोडत सोडत ती चिठ्ठी काढली. तारेचं भोक बरोबर 'ए-टी'च्या मधून गेलं होतं. मोबाईल काढला, अक्षरं टाकली, आणि शिडीवर बसल्या बसल्या वाचत गेलो. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया. तोल जाणं आणि डोळ्यांत लाल धागे. प्रतिकारशक्ती जन्मतःच अपुरी. कर्करोगाचा धोका जास्त. आणि किरणांचं वावडं.

हे वावडं काय असतं ते तेव्हापासून मी इतकं वाचलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. आपल्या प्रत्येक पेशीत एक लांबच लांब धागा असतो, त्यावर आपला सगळा नकाशा लिहिलेला. किरण गेले की तो कुठे कुठे तुटतो. एरवी काळजी नसते, पेशीत रफू करणारे कारागीर असतात, ते लगेच टाके घालतात. या मुलांत त्या कारागिरांना हाक मारणाराच जन्मापासून नसतो. आणि खरी गंमत पुढे आहे: रोगाशी लढणारे सैनिक घडवताना शरीर स्वतःच तो धागा मुद्दाम कापतं आणि नव्यानं जोडतं. हजार तऱ्हेच्या जंतूंसाठी हजार तऱ्हेचे सैनिक हवेत ना. रफूच बिघडलं तर सैन्यही अपुरं. म्हणजे हितूची सारखी भरणारी छाती आणि त्याची भाजलेली मान, दोन्हींचं मूळ एकच होतं. प्रतिकारशक्तीचे जन्मजात आजार पुष्कळ आहेत. सगळ्यांत असं होत नाही. पण काहींत होतं, आणि अशाच मुलांची छाती सारखी भरत असल्यामुळे त्यांचे फोटोही सगळ्यांत जास्त निघतात.

चिठ्ठी मी घरी आणली आणि विम्याच्या कागदांत ठेवली. पुढचं लिहिताना पेन जड होतंय, पण लिहितो. जगनभाऊंना एक धाकटी मुलगी होती हे मला माहीत होतं. जान्हवी, तेव्हा तीन वर्षांची. हा आजार भावंडांत येऊ शकतो हेही त्याच दिवशी वाचलं होतं. चारांतल्या एकाला होण्याची शक्यता. मी स्वतःला समजावलं, म्हणजे चारांतल्या तिघांना होत नाही. तिला नसणारच. चार वर्षं मी हे समजावत राहिलो. त्यांच्या गावाला जाणारी बस रोज आमच्या दारावरून जात होती.

आणि गेल्या हिवाळ्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, बाहेर कासूबाईंचा आवाज आला, "अय बाय, भिंत सोड, माझा हात धर. पडशील."

मी दारातून पाहिलं. सात वर्षांची मुलगी भिंतीला हात लावत येत होती. पाय एकीकडे, अंग दुसरीकडे. मागे जगनभाऊ. हातात चिठ्ठी: डोक्याचा सीटी स्कॅन. आमच्याकडे आता सीटीचं यंत्र आहे, मोठी गोल चकती, तिच्या भोकात टेबल सरकतं, आणि किरण डोक्याभोवती फिरत फिरत काप काढतात. छातीच्या साध्या फोटोच्या कितीतरी पट किरण.

जान्हवी टेबलावर आडवी झाली, चकतीकडे बघून म्हणाली, "मामा, इतला मोठा मेदूवडा." कासूबाई हसल्या. मी तिचं डोकं सरळ करायला वाकलो. "डोया मिटू का?" तिनं विचारलं आणि माझ्याकडे बघितलं.

लाल धागे. दोन्ही डोळ्यांत, कोपऱ्यांतून बुबुळाकडे निघालेले. बारीक, पण होते.

यंत्र तयार होतं. पलीकडच्या खोलीत जाऊन बटण दाबायचं, एवढंच उरलं होतं. माझे पाय त्या बाजूला वळलेसुद्धा, सव्वीस वर्षांची सवय. मग मी मागे फिरलो, पोरीला उचललं आणि खाली उभं केलं.

"काय झालं, फोटो झाला?" कासूबाई.

"नाही. हिला इथेच धरून बसा. कोणी काही सांगितलं तरी टेबलावर जाऊ देऊ नका. मीसुद्धा सांगितलं तरी."

डॉक्टरांच्या केबिनमध्ये मी न विचारता शिरलो. आमच्या केंद्राचे डॉक्टर रिपोर्ट लिहीत होते. "काय, मशीन बंद पडलं?"

"मशीन चालू आहे, साहेब. मी स्कॅन करणार नाही."

सव्वीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. मी भराभर सांगितलं: तोल, धागे, छाती, भाऊ, गाठ, भाजलेली मान. आणि ती दोन अक्षरं. चिठ्ठीचं मात्र बोललो नाही.

"ए-टी?" डॉक्टर उठलेच. "वसंतराव, हा मी फक्त पुस्तकात पाहिलाय." बॅटरी घेऊन ते जवळजवळ पळतच बाहेर आले. पोरीच्या डोळ्यांत उजेड टाकला. नाकाला बोट लाव म्हणाले. बोट नाकाजवळ जाऊन थरथरत गालावर गेलं. कानांच्या पाळ्या उलटून पाहिल्या, तिथेही धागे. डॉक्टरांचा आवाज बदलला होता. त्यांनी तिथूनच ज्यांनी पाठवलं त्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून काहीतरी चढ्या आवाजात आलं. आमचे डॉक्टर म्हणाले, "स्कॅन मीही करणार नाही. आधी रक्त पाठवा. मेंदू बघायचाच असेल तर एमआरआय करा, त्यात चुंबक असतो, हे किरण नसतात."

रक्त मुंबईला गेलं. पोटातल्या बाळाच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते जन्मानंतर उतरतं. या मुलांत ते चढलेलंच राहतं. तिचं चढलेलं निघालं. लढणारी प्रथिनं कमी निघाली. पुढच्या तपासणीनं शिक्कामोर्तब केलं. ज्या दिवशी शेवटचा कागद आला त्या दिवशी आमच्या केंद्रात कोणाचं कामात लक्ष नव्हतं. या आजाराला मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही, हे खरं. पण आता तिच्या छातीची काळजी वेळेवर घेता येणार होती, गरज असेल तर बाहेरून प्रतिकारशक्ती देता येणार होती, आणि उद्या काही झालंच तर कोणीही अंधारात तिला भाजणार नव्हतं. डॉक्टर फोनवर ज्याला त्याला सांगत होते, "माझ्या टेक्निशियननं पकडलं हो. नुसते डोळे बघून."

मला हे गोड लागत होतं. खोटं कशाला बोलू? पंधरा दिवस मी ताठ चाललो. चिठ्ठी कोणाला दाखवली नव्हती आणि मी कौतुक घेत होतो.

मग एका दुपारी जगनभाऊ आले. खांद्यावर केळीचा अख्खा घड, पिशवीत नारळ आणि शाल. बाकावरच्या पेशंटना म्हणाले, "उठा रे, उभा ऱ्हावा. या माणूसनी मन्ही पोर वाचाडी. हितूना रोग कोनी वळखा नही, यास्नी वळखा." आणि माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा तो माणूस माझ्या पायाशी वाकायला लागला.

मी त्यांचे दोन्ही दंड धरले. चिठ्ठी त्या दिवशी माझ्या खिशात होती. पंधरा दिवस रोज खिशात घालून आणायचो आणि रोज परत न्यायचो. म्हटलं, "जगनभाऊ, आत चाला. शाल राहू द्या. पहिले हाई वाचा."

एक्स-रे खोलीत त्यांना स्टुलावर बसवलं. कासूबाई दारात उभ्या राहिल्या, त्यांना जा म्हणायचं धैर्य मला झालं नाही. जगनभाऊंनी वाचलं. दोनदा वाचलं. भोकावरून बोट फिरवलं.

"हाई कव्हयनी शे?"

मी सांगितलं. हितू सात वर्षांचा होता तेव्हाची. मला मिळाली, मी तारेवर खोचली. तो गेल्यावर काढली, अर्थ कळला, घरी ठेवली. चार वर्षं.

त्यांनी चिठ्ठी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "घरमा हितूनी पिशवी शे. त्यामा बावीस फोटू शेतस. मी मोजेल शेतस. तुम्ही कितला काढात?"

"पिशवीत फक्त चांगले आलेले असतात. बिघडलेले आम्ही टाकून देतो."

"कितला?"

"बावीसच्या दुप्पट असतील. जास्तही. मी मोजलेच नाहीत, जगनभाऊ."

"हितू त्यामुये गया का?"

या प्रश्नाची मी चार वर्षं तयारी केली होती. जे खरं तेच सांगितलं. अशा मुलांना ती गाठ फोटो न काढताही होऊ शकते. माझ्या फोटोंनी झाली की नाही, हे कोणताच डॉक्टर सांगू शकणार नाही, आणि नाही झाली असंही मला म्हणता येणार नाही. पण शेकाचं वेगळं आहे. रोगाचं नाव त्या मोठ्या दवाखान्यात पोचलं असतं तर त्यांनी शेक दिला नसता, किंवा फार जपून दिला असता. त्यांची चूक नाही. त्यांना नाव कळलंच नाही.

"कारन नाव आठे व्हतं," जगनभाऊ म्हणाले. "ती तार कोठे शे?"

मी टेबलाकडे हात केला. ते उठून तिथे गेले. त्या दिवशीच्या चिठ्ठ्या तारेवर होत्याच. त्यांनी तारेच्या टोकावर अंगठा ठेवला, जरा दाबला, काढला. मग शाल पिशवीत घातली, नारळ घातला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. केळी बाकाशेजारी तशीच राहिली. कासूबाईंनी ती पेशंटना वाटून टाकली. मला एकही दिलं नाही.

त्यांच्या मागोमाग मी डॉक्टरांनाही सगळं सांगितलं. त्यांनी आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मग एक दिवस स्वतः येऊन ती तार ठोकळ्यासकट उचलून नेली. आता चिठ्ठीचा फोटो संगणकात जातो आणि मूळ चिठ्ठी पेशंटबरोबर परत. दुसरा नियम मी माझा मी केला आहे: किती वेळा किरण सोडले ते पाकिटावर लिहितो, बिघडलेले धरून. पहिल्या महिन्यात ते आकडे लिहिताना मला माझ्या ख्यातीची लाज वाटायची. आता आकडे कमी झालेत. घाई केली नाही तर माणूस तितकासा हलत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

वाचणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. हात मोडला तर फोटो काढाच, डॉक्टर सांगतील तेव्हा काढा. या मुलांचासुद्धा कधी काढावा लागतो, पण उपचार त्याच्यावर ठरणार असेल तेव्हाच. तुमच्या ओळखीत एखादं लेकरू सारखं छातीनं आजारी पडत असेल, त्याचा तोल जात असेल, डोळ्यांतली लाली थेंबांनी जात नसेल, तर स्कॅनच्या टेबलावर चढवण्याआधी डॉक्टरांना एकदा थांबवून विचारा, एवढंच माझं मागणं आहे. आणि माझ्यासारखा कोणी टेबलामागे असेल तर त्यानं राग गिळून फोन उचलावा.

जगनभाऊ चिठ्ठी वाचून निघून गेले त्याला नऊ दिवस झाले होते. मी रोज दाराकडे बघत होतो. ते येतील, चार लोकांत मला शिव्या देतील, थोबाडीत मारतील, याची मी वाट बघत होतो म्हटलं तरी चालेल. दहाव्या दिवशी ते आले. बरोबर जान्हवी. थंडी चांगलीच होती, आणि पोरीला त्यांनी एका नव्या शालीत गुंडाळलं होतं. शाल मी ओळखली.

नमस्कार नाही, बसणं नाही. खिशातून एक जाड पांढरा पुठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. वहीच्या पाठीचा, नीट कापलेला.

"लिखा," ते म्हणाले. "मोठा अक्षरमा. मराठीमा बी, इंग्रजीमा बी. पोर कोठेबी पडो, कोनीबी उचलो, त्याले वाचता येवाले पाहिजे."

मी लिहिलं. तिचं नाव, आजाराचं पूर्ण नाव, आणि खाली: या मुलीला किरणांचं वावडं आहे. गरजेशिवाय एक्स-रे किंवा सीटी काढू नये. शेक देण्याआधी तिच्या डॉक्टरांशी बोला. डॉक्टरांनी वाचून सही केली, फोन नंबर घातला. कासूबाई समोरच्या दुकानातून त्यावर प्लॅस्टिक चढवून घेऊन आल्या. जान्हवी स्टुलावर बसून पाय हलवत होती. "मामा, आज फोटू नही ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही. "मंग मी हाली सकस," म्हणाली आणि मुद्दाम सगळं अंग हलवून दाखवलं.

दोरी ओवायला भोक हवं होतं. मी खणातलं पंचिंगचं यंत्र काढलं आणि कार्ड हातात घेतलं.

जगनभाऊंनी माझ्या हातातून दोन्ही काढून घेतलं.

"भोक मी पाडसू," ते म्हणाले.

कार्ड खिडकीशी नेऊन त्यांनी उजेडात धरलं. अक्षरं कुठे संपतात ते बोटानं पाहिलं, तिथून दोन बोटं सोडून अगदी वरच्या कोपऱ्यात यंत्र टेकवलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि दाबलं.